आजारी पडण्याआधी लिहायचा कागद: साथीच्या काळात मधुमेह घरी कसा सांभाळायचा

साथ आली की मधुमेह असलेल्या माणसाला ज्याच्यात्याच्याकडून एकच सल्ला मिळतो, ‘काळजी घ्या’. इतका निरुपयोगी सल्ला दुसरा नाही. रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या, तर साडेनऊला घ्यायची राहिलेली मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, घ्यायची की नाही? पोटात काहीच ठरत नसेल तर इन्सुलिन टोचायचं की नाही? शुगर ३१० आली तर सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं? ‘काळजी घ्या’मध्ये यातलं एकही उत्तर नाही.

मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात सिस्टर आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर रुग्णाला समोर बसवून ‘हे घरी प्रत्यक्ष कसं करायचं’ ते समजावणं हे माझं काम. २०२०मध्ये कोविडच्या साथीत ओपीडी बंद झाली आणि हे सगळं फोनवर आलं. फोनवरचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असायचा: “ताई, गोळ्या चालू ठेवू की बंद करू?” खरं तर हा प्रश्न ताप येण्याच्या आधी विचारायचा असतो. त्याचं उत्तर माणसामाणसाला वेगळं असतं, आणि ताप चढलेला माणूस ते नीट ऐकून घेण्याच्या अवस्थेत नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्ये १५५ देशांत पाहणी केली. जवळपास निम्म्या देशांत मधुमेहाच्या आणि त्याच्या गुंतागुंतीच्या उपचारांची सेवा पूर्ण किंवा अंशतः खंडित झाली होती. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच दवाखान्याचं दार अर्धं बंद असतं. साथ असो, पूर असो, भूकंप असो, गृहीत धरायचं ते हेच. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: शांत दिवशी, ठणठणीत असताना, डॉक्टरांबरोबर बसून एक अर्ध्या पानाचा कागद लिहून ठेवा. ‘आजारी पडलो तर मी काय करणार’ एवढंच त्यात. माहितीपत्रकं मी स्वतः खूप वाटली आहेत, पण गुळगुळीत कागदावरचं बारा पानी माहितीपत्रक रात्री अकराला कोणी उघडत नाही.

कागदावर काय लिहायचं

कागद हाताने लिहा, मोठ्या अक्षरात. छापील तक्ता भरला की तो दुसऱ्याचाच वाटतो. वर तारीख टाका. त्याखाली नेहमीची औषधं, पण नुसती नावं नकोत. प्रत्येक औषधापुढे ‘आजारपणात चालू’, ‘आजारपणात बंद’ किंवा ‘फोन करून विचारायचं’ यांपैकी एक शेरा हवाच. मग शुगर किती वेळा तपासायची, कुठल्या आकड्याला फोन करायचा, कुठल्या आकड्याला घर सोडायचं. शेवटी दोन फोन नंबर: एक दवाखान्याचा, दुसरा रात्री गाडी काढून येऊ शकेल अशा माणसाचा.

उदाहरणार्थ, टाइप २चे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतं पण पुरत नाही अशा मधुमेहाचे, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ धरू. मेटफॉर्मिन दोन वेळा, ग्लिमेपिराइड सकाळी, डापाग्लिफ्लोझिन सकाळी आणि रात्री ग्लारजिन इन्सुलिन १८ युनिट. त्यांचा कागद असा होईल:

ताप आला, खाणं कमी झालं किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, की पहिल्याच दिवशी डापाग्लिफ्लोझिन बंद. उलट्या-जुलाब असतील, पाणी पोटात टिकत नसेल किंवा दम लागत असेल तर मेटफॉर्मिनही बंद. ग्लिमेपिराइड जेवण होणार असेल तरच. जेवण चुकलं की गोळीही चुकवायची आणि दवाखान्यात कळवायचं. ग्लारजिन चालूच. उपाशीपोटी शुगर १००च्या खाली आली किंवा सलग दोन दिवस १८०च्या वर राहिली तर डोस बदलण्यासाठी फोन. शुगर दर चार तासांनी. ३००च्या वर दोनदा आली तर लगेच फोन, रात्र असली तरी. थांबवलेल्या गोळ्या नेहमीसारखं खाणंपिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू.

हे आकडे आणि हा क्रम त्या गृहस्थांचा आहे. तो तुमच्यासाठी तसाच उतरवून घेऊ नका. तुमच्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडून तुमचा कागद भरून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाला जड जातात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण त्यांच्याबद्दलही आधीच विचारून कागदावर शेरा घ्या.

असंच का, ते थोडक्यात

कारण समजलं की नियम लक्षात राहतो, म्हणून हा भाग मी फोनवरही टाळत नसे.

नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. एरवी हे चांगलंच. पण आजारपणात खाणं कमी आणि अंगात पाणी कमी असताना याच गोळ्यांमुळे रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठून रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. यातली फसवी गोष्ट अशी की त्या वेळी शुगर फारशी वाढलेली नसते. मीटर १९० दाखवतं, घरचे निर्धास्त, आणि माणूस मात्र उलट्या करत, जोरजोरात श्वास घेत पडलेला. म्हणून या गोळ्यांपुढचा शेरा मी लाल पेनाने लिहायला सांगते.

मेटफॉर्मिन शरीराबाहेर जाते ती मूत्रपिंडातून. शरीर कोरडं पडलं, मूत्रपिंड मंदावलं की ती साठते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका उभा राहतो. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात. पोटात अन्न नसेल तर शुगर घसरते आणि कधी कधी तासन् तास खालीच राहते.

आता इन्सुलिन. सगळ्यात जास्त गोंधळ याचाच. “काही खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?” हा तर्क ऐकायला अगदी बरोबर वाटतो, पण तो घातक आहे. ताप, संसर्ग, वेदना यांमुळे शरीर स्वतःच ताणाची संप्रेरकं सोडतं आणि यकृत साखर ओतत राहतं, जेवलात न जेवलात तरी. टाइप १मध्ये स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. १९२१च्या शोधानंतर जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे फार तर काही महिन्यांची किंवा थोड्या वर्षांची मुदत असे. दिवसभर काम करणारं, ग्लारजिनसारखं पायाभूत (बेसल) इन्सुलिन बंद केलं की टाइप १चा माणूस एकदोन दिवसांतच त्या काळात जाऊन पोहोचतो. म्हणून त्यांच्या कागदावर सगळ्यात वर हे वाक्य हवं: पायाभूत इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. कमी करावं लागेल, वाढवावं लागेल, ते फोनवर ठरेल. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन मात्र खाण्याच्या हिशेबाने. खाणार नसाल तर नेहमीचा पूर्ण डोस नाही.

आजारपणात पाणी हेही औषधच. दर तासाला निदान १०० मिलिलीटर, घोट घोट. शुगर जास्त असेल तर बिनसाखरेचं काहीही चालेल. शुगर कमी असेल किंवा घास उतरत नसेल तर थोडं साखरेचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किती प्यायचं हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यावं.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा

घरचं मीटर हा या काळात तुमचा निम्मा दवाखाना आहे. पण आकडा खरा येण्यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. साथीत सगळे सॅनिटायझर चोळत होते. ओल्या बोटावरचा थेंब पातळ होतो आणि आकडा चुकतो. फळ सोलून लगेच तपासलं तर बोटावरची साखर मोजली जाते. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, ओलाव्याने पट्ट्या खराब होतात. आकडा आणि माणूस जुळत नसतील, म्हणजे घाम सुटलाय, हात थरथरतोय आणि मीटर १६० म्हणतंय, तर हात धुऊन पुन्हा तपासा.

साथीत लोकांनी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रा घेतल्या. दंडावर चिकटवायचा, शुगर मोजणारा सेन्सर वापरत असाल तर काही सेन्सर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं की खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर शुगर घसरणार. आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात कुठल्या औषधांनी आकडा बिघडतो ते वाचा. (हे एक माहितीपत्रक मात्र उघडा.) तसंच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. २०२०मध्ये ती बरेच जण ऐकीव माहितीवर घेत होते. तिने शुगर कमी होऊ शकते, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

आणखी एक गोष्ट मदतीच्या पेटीतून येते. मीटर संपले की बाहेरून आलेले मीटर वाटले जातात, आणि काहींवर आकडे आपल्या मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच एककात असतात. ‘७.०’ बघून कोणी घाबरतं, कोणी “एवढीच?” म्हणून साखर खातं. त्या आकड्याला १८ने गुणा. ७.० म्हणजे १२६. मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘गुणिले १८’ असं लिहून ठेवा.

शुगर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, नसेल तर साधारण तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ५४च्या खाली म्हणजे गंभीर. तेव्हा एकटं राहायचं नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं औषध) असेल तर द्या, आणि रुग्णवाहिका बोलवा.

कीटोन तपासायची सोय असेल तर टाइप १च्या माणसाने शुगर २४०च्या वर गेली किंवा उलट्या झाल्या की तपासावं. ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या घेणाऱ्याने आजारपणात आकडा कितीही बरा दिसला तरी तपासावं. रक्तातले कीटोन ०.६ मिलिमोलपर्यंत ठीक. दीडच्या वर गेले तर त्याच तासात फोन. तीनच्या वर गेले तर फोन करत बसू नका, निघा.

स्टिरॉइड चालू झालं की

हा भाग वेगळा काढावा लागला, कारण कोविडमध्ये इथेच सगळ्यात जास्त गफलत झाली. १६ जून २०२० रोजी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून जाहीर झालं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने कोविडच्या ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. पण बातमीचा हा दुसरा अर्धा भाग फार जणांपर्यंत पोहोचला नाही. घरात नुसता ताप असलेल्यांनीही कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या सुरू केल्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्टिरॉइडला हात लावायचा नाही, आणि सांगितलं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा: “शुगरचं काय करायचं?”

सकाळी घेतलेलं स्टिरॉइड शुगर वाढवतं ते मुख्यतः दुपारनंतर आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी ११८ येते, माणूस खूश होतो आणि पुढे दिवसभर तपासतच नाही. संध्याकाळी पाचला ३८० झालेली असते. म्हणून स्टिरॉइड चालू असताना दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी तपासणं सक्तीचं. एका दिवसात दोनदाच तपासता येत असेल, पट्ट्या पुरत नसतील, तर सकाळची वगळा आणि या दोन ठेवा. डेक्सामेथासोनचा परिणाम लांब टिकतो, त्यामुळे काहींची सकाळचीही वाढते, पण संध्याकाळची चुकवू नका.

परतीची वाट तितकीच निसरडी. स्टिरॉइडसाठी वाढवलेलं इन्सुलिन स्टिरॉइड कमी होताना तसंच राहिलं तर शुगर धाडकन खाली येते. म्हणून घरी जाताना दोन तारखा लिहून घ्या: स्टिरॉइड कधी कमी होणार आणि त्याच दिवशी इन्सुलिन किती होणार.

इन्सुलिन जपणं आणि बदललेली बाटली

साठा दोन आठवड्यांचा हाताशी हवा, जमल्यास महिन्याचा. त्याहून जास्त भरून ठेवू नका; तुमच्या कपाटात अडकलेलं इन्सुलिन दुसऱ्या कोणाला मिळत नसतं. जुनी आधी वापरा, नवी मागे ठेवा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसतं नेहमीसारखंच, पण कामाचं राहत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या खाली, साधारण २८ दिवस चालतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. वीज गेली म्हणून घाबरून इन्सुलिन फेकून देणारे लोक मी पाहिलेत. फ्रिज बंद ठेवला तर तो बराच वेळ थंड राहतो. आणि अगदीच सोय नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेलं मातीचं भांडं सावलीत, वारा लागेल असं ठेवा. बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे ओली होणार नाही. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या घरांमधलं तापमान मोजून, तेच २५ ते ३७ अंशांमधले चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे ठेवून इन्सुलिन तपासलं गेलं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते थंड ठेवलेल्या इन्सुलिनइतकंच प्रभावी राहिलं. म्हणून फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन बंद, हा निर्णय कधीच घ्यायचा नाही. उन्हात उभी केलेली गाडी आणि स्वयंपाकघरातली चुलीजवळची फळी मात्र टाळाच. नेहमी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली बाजूला.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या असतात: एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळी. ४०च्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल, १००चं केशरी. नेहमीच्या दिवसांत दुकानदार तुमची जोडी ओळखतो. टंचाईत जे मिळेल ते घरी येतं. १०० युनिटच्या बाटलीतलं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये ‘२०’च्या रेषेपर्यंत भरलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातं. अडीच पट! उलट केलं, ४०चं इन्सुलिन १००च्या सिरिंजमध्ये भरलं, तर २०च्या जागी ८च युनिट जातं आणि शुगर का उतरत नाही ते कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे प्रत्येक नव्या बाटलीला मोठ्याने वाचून पाहा. जुळत नसेल तर घरी गणित करून टोचू नका, योग्य सिरिंज मिळवा. पेन भरण्याच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, ते साधारणतः १००चं असतं, काही त्याहून तीव्रही असतात.

ब्रँड बदलला तर त्याचा प्रकार तोच आहे का ते विचारा: जलद, पायाभूत की मिश्र. मिश्रातही ३०/७० आणि ५०/५० वेगळे. बाटलीचा फोटो पाठवा, नाव सांगू नका. फोनवर नावं एकसारखी ऐकू येतात.

निवारा केंद्रात किंवा एकाच घरात दोघांना मधुमेह असेल तर इन्सुलिनचं पेन एकमेकांना देऊ नका. सुई बदलली तरी नाही. टोचताना काडतुसात रक्ताचे कण मागे जाऊ शकतात. बोट टोचायचं यंत्रही ज्याचं त्याचं.

फोनवर काय सांगायचं

“शुगर बरी आहे” यावर कोणालाही काही ठरवता येत नाही. फोन लागायला अर्धा तास लागतो आणि बोलायला तीन मिनिटं मिळतात. म्हणून वही समोर ठेवून या क्रमाने बोला: वय आणि मधुमेहाचा प्रकार, आज काय झालं आणि कधीपासून, शेवटच्या चार शुगर वेळेसह आणि जेवणाआधी की नंतर ते, कुठली औषधं आज घेतली आणि कुठली नाही, लघवी शेवटची कधी झाली. लघवीचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण अंगात पाणी किती उरलंय याचा घरबसल्या अंदाज त्यावरूनच येतो. ऑक्सिमीटर असेल तर तो आकडाही. बोट उबदार हवं, नेलपॉलिश नको.

सल्ला मिळाल्यावर फोन ठेवण्याआधी तो स्वतःच्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे मी डापा घेणार नाही, आज रात्री ग्लारजिन घेणार, चार तासांनी तपासणार.” समोरच्याने “नाही नाही, तसं नाही” म्हटलं तर ते आत्ताच कळलेलं चांगलं.

हीच पद्धत आम्ही शिकवणाऱ्यांनी वापरायला हवी, आणि इथे माझं माझ्या सहकाऱ्यांशी जमत नाही. “समजलं ना?” असं विचारलं की प्रत्येक जण “हो” म्हणतो. सिस्टरला नाही कसं म्हणणार? त्यापेक्षा असं विचारा: “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आज रात्री उलटी झाली तर तुम्ही काय काय कराल, मला सांगता?” परीक्षा माझी आहे, त्यांची नाही, हे त्यांना जाणवलं पाहिजे. एका फोनमध्ये तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगायच्या नाहीत. चौथी कितीही महत्त्वाची असली तरी ती उद्या. आणि शक्य असेल तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसाला उत्तर द्यायला लावा. शुगर ४५ झालेला माणूस स्वतःचा कागद वाचू शकत नाही. तो वाचणारं कोणीतरी हवं. एकट्या राहणाऱ्याने शेजाऱ्याला दाखवून ठेवावा, आणि आजारी असेल त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकेक फोन ठरवून घ्यावा.

घर सोडायचं तेव्हा

साथीत लोक दवाखान्यात जायलाच घाबरतात, आणि ती भीती काही खोटी नसते. पण या गोष्टी दिसल्या तर घरी थांबायचं नाही: उलट्या थांबत नाहीत आणि पाणीही टिकत नाही; श्वास खोल आणि जलद चालतोय, तोंडाला फळासारखा वास येतोय; माणूस गुंगीत आहे किंवा भलतंच बोलतोय; शुगर ३००च्या वर चढतच आहे आणि सांगितलेल्या डोसनेही उतरत नाही; पोटात सतत दुखतंय; ऑक्सिजन ९४च्या खाली. मीटर नुसतं ‘हाय’ दाखवत असेल तर तो आकडाच आहे, बहुतेक मीटरमध्ये ५०० किंवा ६००च्या वरचा. गरोदर बाई, लहान मूल आणि टाइप १चा कोणीही, यांच्या बाबतीत इतकी वाटही बघू नका. उलट्या सुरू झाल्या की कळवा. जाताना कागद, औषधांची पिशवी, मीटर आणि स्वतःचं इन्सुलिन बरोबर न्या.

छातीत दुखणं, हातापायातली ताकद अचानक जाणं, वाकडं तोंड, हे दिसलं तर मधुमेह नसला तरी घरी थांबायचं नाही.

राहिलेलं पटकन सांगते. पाय रोज बघा, तळव्याखाली आरसा धरून. पुराच्या पाण्यात अनवाणी चालू नका, मुंग्या येणाऱ्या पायाला काच टोचलेली कळत नाही. घरात कोंडून पडलात तरी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाला. पण अंगात ताप किंवा कीटोन असतील तेव्हा व्यायाम नको. फ्लू, न्यूमोनिया आणि कोविडच्या लशी साथ यायच्या आधी घ्यायच्या असतात. इन्सुलिनऐवजी अमुक काढा घ्या, असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. आणि महिनोन् महिने आकडे बघून बघून कंटाळा आला, वैताग आला, वही फेकून द्यावीशी वाटली, तर तेही फोनवर सांगा. तपासण्या थोड्या कमी करून नेमक्या वेळी करायचं वेळापत्रक आखता येतं.

दवाखाना पूर्ववत सुरू झाला की राहून गेलेल्या तपासण्या एकाच भेटीत मागा: एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठी लघवीतला अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे आजारपणातल्या आठवड्यांमुळे ते चढलेलं दिसेल. वहीतले आकडे सोबत न्या म्हणजे डॉक्टरांना त्याचा संदर्भ कळेल. त्याच भेटीत कागदही काढा. औषध बदललं असेल, वजन बदललं असेल, मूत्रपिंडाचा अहवाल बदलला असेल, तर शेरेही बदलतात. जुना फाडून टाका, नवा लिहा, वर नवी तारीख टाका, आणि फोनमध्ये त्याचा एक फोटो ठेवा.